शिवशंकर गडदे यांचे तीन अहवाल

सदर इसम शिवशंकर नामाजी गडदे, वय वर्षे तेहतीस, राहणार गोरेगावच्या पलीकडची वाडी, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. उंची मध्यम, वर्ण सावळा, बांधा काटक. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर मेंढ्याच्या धडकेचा व्रण. व्यवसाय : मेंढपाळ, सवडीने हळद व सोयाबीन. व्यसन : तंबाखू, वडिलांच्या माघारी. वैवाहिक स्थिती : विवाहित. अपत्ये : निरंक. अपत्ये नसण्याचे कारण : पत्नी. सदर इसमामध्ये कोणताही दोष आढळून आलेला नाही. तो कोणी शोधलेलाही नाही.

हे वर्णन कुठल्या कचेरीत नोंदलेलं नव्हतं, पण वाडीत ते सर्वानुमते मंजूर होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती. या काळात रागिणीची, म्हणजे शिवशंकरच्या बायकोची, रक्ततपासणी झाली, नळ्यांची तपासणी झाली, सोनोग्राफी तर इतक्यांदा झाली की हिंगोलीच्या दवाखान्यातली बाई तिला पाहिलं की पाणी प्यायला सांगायची, नाव विचारायची नाही. सगळं ठीक निघालं. डॉक्टर दर वेळी विचारत, "मिस्टरांची तपासणी?" आणि सासू कौशल्याबाई दाराबाहेरूनच उत्तर देत, "त्याला काय धाड भरलीया?"

इथे शास्त्रीय चर्चा संपत असे.

यंदा कौशल्याबाईंनी विषयाचा निकाल लावायचं ठरवलं होतं. वैशाखात रागिणीच्या भावाचं लग्न होतं, आखाडा बाळापूरला. लेक माहेरी लग्नाला जाते, आणि लग्न झालं की नवरा तिला आणायला जातो. नवरा आणायला गेला नाही तर लेक माहेरी राहते. यात भांडण नसतं, कागद नसतो, कोणी हाकललं असंही म्हणता येत नाही. फक्त आणायला कोणी जात नाही. पहिला पोळा जातो, दिवाळी जाते, आणि मग लोकांनाच कळतं.

तोवर दुसरी पाहून ठेवायची. हे काम कौशल्याबाईंच्या मावसबहिणीकडे, पारुबाईंकडे होतं. पारुबाईंनी औंढ्याच्या बाजूला व्यंकटराव नावाच्या मेंढपाळाची पोरगी हेरली होती. दुसरी बायको कायद्याला चालत नाही हे पारुबाईंना ठाऊक होतं. पण कायदा त्या वाडीत जीपनेच येतो, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही.

हा बेत गुप्त होता. पारुबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या मोबाइलवर ओरडून बोलतात. रागिणीला तो पहिल्याच दिवशी कळला.

तिने रडारड केली नाही. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना सासरे नामाजी दोन्ही हातांनी मेंढरं मोजत दारात उभे होते. त्यांचं मोजून होईपर्यंत ती थांबली. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"मामा, एक इचारू का?"

"इचार की."

"मेंढ्या गाभण राह्यल्या न्हाईत की तुमी काय बदलता?"

"मेंढा."

"मंग हितं काहून मेंढी बदलून राहिले?"

कौशल्याबाईंच्या हातातून पेंडीचं घमेलं पडलं. शिवशंकर कुडाच्या पलीकडे एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. तो काढून झाला होता, तरी तो वाकूनच राहिला.

नामाजी रागावले नाहीत. मेंढरांविषयी कोणी प्रश्न विचारला की ते रागवत नसत. त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "हे बघ पोरी. एका मेंढ्यामागं तीस मेंढ्या असत्यात. त्यातल्या ईस खाली राह्यल्या तर खोट मेंढ्यात. एकच खाली राह्यली तर खोट तिच्यात. हा हिशोब पक्का हाय. पण हितं मेंढीच एक हाय. कुणात खोट हाय ते कळावं कसं?"

"तेच तर म्हंते मी."

"म्हनून तर तुजी सासू दुसरी बघून राहिली," नामाजी समजावणीच्या सुरात म्हणाले.

नामाजींचा तर्क तपासून पाहिला तर त्यात चूक सापडत नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष निघत नाही, निरीक्षणं वाढवली पाहिजेत, हे कोणत्याही विद्यापीठात शिकवतात. निरीक्षणं वाढवण्यासाठी लागणारं साहित्य माणूस असलं की थोडी अडचण येते, एवढंच.

रागिणीने घमेलं उचललं, सांडलेली पेंड गोळा केली आणि कुडाकडे तोंड करून म्हणाली, "आयका. तपासनी करून या. न्हाई तर मी लग्नालाच जात न्हाई."

सख्ख्या भावाच्या लग्नाला बहीण गेली नाही तर बाळापूरपासून सेनगावपर्यंत लोक कारण विचारणार. आणि ती गेलीच नाही तर तिला न आणायचं कसं?

अशा रीतीने शिवशंकरची तपासणी ठरली.

पहिल्या खेपेला तो हिंगोलीच्या लॅबमध्ये गेला आणि तसाच परत आला. लॅबमध्ये बाकं होती, बाकांवर माणसं होती, त्यांतली दोन गोरेगावची. बाकांच्या समोरच संडास, त्याची कडी आतून लागत नव्हती. काउंटरवरच्या निताताईंनी डबी पुढे सरकवून, हळदीच्या बाजारात पुकारा व्हावा तशा आवाजात सांगितलं, "गडदे! वीर्याचा सँपल! आत जा, भरून आणा!" गोरेगावच्या दोघांनी माना खाली घातल्या, पण कान वरच राहिले. शिवशंकर आत गेला. बाहेर कोणीतरी दार वाजवून "झालं का वो?" विचारलं. तो रिकामी डबी खिशात घालून बाहेर आला आणि थेट जीपच्या अड्ड्यावर गेला.

"काय झालं?" रागिणीने विचारलं.

"झालं न्हाई."

"काय न्हाई झालं?"

"तेच."

दोन दिवस तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः लॅबला फोन लावला. निताताई म्हणाल्या की घरून आणलं तरी चालेल, पण तासाच्या आत पोचलं पाहिजे. हे वाक्य त्यांनी दिवसातून दहा वेळा म्हटलेलं असणार. त्यापुढचं वाक्य, म्हणजे डबी अंगाशी, गरम ठेवायची, हे त्या सहसा म्हणत असत. त्या दिवशी मध्येच कोणीतरी साखरेची तपासणी विचारायला आलं.

तास ही मोठी अट होती. मोटारसायकल मागितली तर कशाला हवी ते सांगावं लागतं. म्हणजे जीप, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. शिवशंकर काळजीत पडला. पण तो अडाणी नव्हता. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस गायी भरवायला, म्हणजे गाभण करायला, येतो तेव्हा काय करतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. जाड भांड्याचं झाकण उघडलं की आतून धूर येतो, आणि तो माणूस अभिमानाने सांगतो की या गारठ्यात बीज वर्षानुवर्षं टिकतं, बैल मरून गेला तरी त्याची वासरं होत राहतात. बैलाचं वर्षानुवर्षं टिकतं, तर आपलं तासभर टिकायला काय हरकत आहे?

गोरेगावच्या रसवंतीतून त्याने बर्फ घेतला. रसवाल्याने विचारलं, "पाव्हणे आले व्हय?" शिवशंकर म्हणाला, "व्हय." बर्फ थर्मासात, डबी बर्फात, थर्मास मांडीवर. जीप दोन माणसांसाठी अडून राहिली, तेव्हाही तो निश्चिंत होता. वाटेत शेजारच्या म्हाताऱ्याने थर्मासाकडे बघून विचारलं, "च्या हाय का?" यावर शिवशंकरने दिलेलं उत्तर म्हाताऱ्याला उद्धट वाटलं असावं.

पहिला अहवाल आला. संख्या : समाधानकारक. हालचाल : शून्य टक्के.

गोरेगावच्या औषधाच्या दुकानदाराने तो वाचला आणि सहानुभूतीने म्हणाला, "हायेत, पण सगळे मेलेले हायेत."

शिवशंकर घरी आला आणि बाजेवर आडवा झाला. त्याने जेवायचं नाकारलं. रागिणीने अहवाल दोनदा वाचला. सात वर्षांत पहिल्यांदा दोष तिच्या अंगाच्या बाहेर, म्हणजे तीन हात पलीकडे बाजेवर सापडला होता. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण बाजेवर पडलेल्या माणसाकडे बघून तिला रागच येत राहिला, आणि नेमका कशाचा येतोय ते कळेना, म्हणून तिने भाकरी जास्तच थापल्या.

कौशल्याबाई म्हणाल्या, "लॅबच खोटी हाय."

तेव्हा रागिणी नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर विजयकुमार हा बोलून बोलून घसा बसलेला माणूस. त्यांनी कागद पाहिला, शिवशंकरकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"आणलं कसं होतं?"

"बर्फात."

"कशात?"

"थर्मासात. बर्फ घालून. गाईचं आनत्यात तसं."

रागिणीने हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिला हे नवीन होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दादा, ते गाईचं गोठवायच्या आधी त्यात औषधं घालतात. तुम्ही जिवंत मासे बर्फात घालून आणले आणि विचारताय, पोहत का नाहीत!"

पुन्हा तपासणी झाली. निताताईंनी या वेळी सकाळी, बाकं रिकामी असताना बोलावलं आणि संडासाच्या दाराला सुतळी बांधून दिली. एकदा नव्हे, दोनदा करायची होती, मध्ये काही आठवडे सोडून. दुसऱ्या अहवालात आकडा आला अकरा. तिसऱ्यात तेवीस. हालचाल दोन्हींत बरी होती. हे आकडे दशलक्षाचे, एका मिलिलिटरमागे. छापील कागदावर शेजारी लिहिलं होतं : सोळा किंवा अधिक.

यावर घरात जे झालं त्याला वादविवाद म्हणता येईल. अकरा आला तेव्हा कौशल्याबाईंनी दशलक्ष म्हणजे किती ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "एक कोटी दहा लाख? आन लागतं किती? एक! कोटीतलं एक बी कामाचं न्हाई व्हय?" हा प्रश्न बिनतोड होता. तेवीस आला तेव्हा त्यांनी देवापुढे नारळ फोडला, पोरगा पास झाला म्हणून. नामाजींचं म्हणणं पडलं की काटाच खराब आहे. एकाच पोराचं वजन महिन्यात दुप्पट होत नाही.

"दोनदा मोजलंय," निताताई फोनवर म्हणाल्या. "प्रत्येक वेळी दोन भाग घेऊन मोजते. दोन्हींत फार फरक आला तर ते टाकून पुन्हा मोजते."

"आमचे बाबा बी मेंढरं दोनदाच मोजत्यात," शिवशंकर म्हणाला.

"मग त्यांना विचारा, हालणारं मोजायला किती सोपं असतं ते."

अहवाल घेऊन नवरा-बायको परत डॉक्टरांकडे गेले. रागिणीला एकच उत्तर हवं होतं. ते घेऊन तिला वैशाखाच्या आत घरी जायचं होतं.

"डॉक्टरसाहेब, पास का नापास, तेवढं सांगा."

"पास-नापास नसतं ताई."

"मंग सोळा काहून लिव्हलंय?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा. ज्यांना वर्षभराच्या आत मूल राहिलं अशा बापांचीच मोजणी केली. जगभरातल्या. सगळ्यात कमी आकडेवाले शंभरातले पाच बाजूला काढले. तिथं जी रेघ आली, ती सोळा. म्हणजे रेघेच्या खालचे ते पाचही बापच होते. कळलं?"

"म्हंजी अकरावाला बी बाप होतो."

"होऊ शकतो."

"आन तेवीसवाला?"

"नाहीही होऊ शकत."

"मंग मोजता कशाला?" रागिणीचा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं.

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला नाही, कारण तो त्यांनाही अधूनमधून पडत असावा. "अंदाज येतो ताई. माणसाचा आकडा वरखाली होतो. ताप आला, तंबाखू खाल्ली, उन्हात हिंडला, दोन दिवस आधी काय केलं, सगळ्यानं. म्हणून एकावर जायचं नाही, दोन-तीन बघायचे. शिवाय मोजणं वेगळं आणि काम वेगळं. ते अंड्यापर्यंत पोचलं का, आत शिरलं का, हे कागदावर दिसत नाही. कागदावरून एवढंच म्हणता येतं, की असे कागद असलेल्या शंभर माणसांत इतक्यांना वर्षभरात मूल होतं. सगळे आकडे रेघेच्या वर असलेल्यांपेक्षा कमी जणांना, पण होतं."

शिवशंकर खुर्चीत पुढे सरकला. त्याने विचारलं, "त्या शंभरातला मी कोनता?"

"ते कोणालाच सांगता येत नाही."

"तुमाला बी?"

"मलाही नाही."

शिवशंकरने मान हलवली. सात वर्षं घरात प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. एवढी फी देऊन ज्याला काही ठाऊक नाही असा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितली, गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

तीन महिने वैशाखाच्या पलीकडे जात होते.

आणि चैत्रातच व्यंकटराव वाडीवर आले. पारुबाई त्यांना घेऊन आल्या, मेंढा बघायला म्हणून. म्हणजे वाडीला सांगायचं कारण तसं होतं. व्यंकटराव पांढऱ्या फेट्याचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी आधी खरोखरच मेंढे बघितले, मग बाजेवर बसले आणि त्याच नजरेने शिवशंकरकडे बघितलं. शिवशंकरला भुवईवरचा व्रण खाजवावासा वाटला, पण तो हललाच नाही.

कौशल्याबाईंनी पदराखालून कागद काढला. तेवीसचा.

"तपासून घेतलंय पाव्हणे. आमी काय लपवत न्हाई. सोळा लागतंय, तेवीस हाय."

रागिणी चहा घेऊन आली. ताटलीत कप होते आणि कपांखाली दोन घडी केलेले कागद. तिने कप उचलून प्रत्येकाच्या हातात दिले आणि कागद व्यंकटरावांसमोर ठेवले.

"एकट्यावर जायचं नसतंय पाव्हणे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हंले, तिन्ही बघायचे."

"तू आत व्हय गं!" कौशल्याबाई म्हणाल्या.

"जाते की. च्या गार होऊ नये म्हनून आले."

व्यंकटरावांनी तिन्ही कागद मांडीवर ओळीने लावले. आकडे त्यांना वाचता येत होते. "हा तेवीस. हा अकरा. आन ह्यात हालचाल शून्य?"

"तो बर्फातला हाय," शिवशंकर म्हणाला. बसल्यापासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य.

व्यंकटरावांनी बर्फाविषयी पुढे विचारलं नाही. चहा संपवला, कप पालथा ठेवला आणि नामाजींकडे वळले.

"नामाजी, सेनगावच्या बाजारात तुमच्याकडून मी मेंढा नेला होता. धा वर्सं झाली असतील. तुमी तवा काय म्हनला होता?"

नामाजींनी हातातला कप खाली ठेवला.

"तुमी म्हनला, रुमालाखाली हात घालून भाव करायच्या आधी मेंढ्याची कोकरं बघून घ्या. शिंगं बघू नका, छाती बघू नका, कोकरं बघा. कोकरं दाखवल्याबिगर तुमी कंदी मेंढा इकला न्हाई, आन घेतला बी न्हाई."

"व्हय," नामाजी म्हणाले.

"मंग दाखवा."

पारुबाईंना नीट ऐकू आलं नव्हतं. "काय दाखवा म्हंत्यात?" त्यांनी ओरडून विचारलं. शेजारच्या तीन घरांतल्या लोकांनी बाहेर येऊन बघितलं. व्यंकटराव उठले, फेटा सारखा केला आणि जाता जाता शिवशंकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राग धरू नका. पोरीची गोष्ट हाय, मेंढीची असती तर मेंढा उधारीवर बी नेला असता."

ते गेल्यावर कौशल्याबाई बराच वेळ रागिणीला बोलत राहिल्या. रागिणी भांडी घासत राहिली आणि मध्ये एकदाच म्हणाली, "मामी, ते तिन्ही कागद जपून ठेवा. पुढच्या पाव्हण्याला लागतील." नामाजी वाड्यात गेले. मेंढरं सकाळीच मोजून झाली होती. त्यांनी परत मोजली. शिवशंकरने कमरेच्या पिशवीतून तंबाखूची डबी काढली, उघडली आणि वडिलांच्या देखतच उकिरड्यावर रिकामी केली. वडिलांना ती तिथे होती हे त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांचा शेवटचा शेरा जोडला की शिवशंकरचं वर्णन अद्ययावत होतं. सदर इसम शिवशंकर नामाजी गडदे, वय वर्षे तेहतीस, ओळखीची खूण पूर्ववत. तीन नमुन्यांपैकी एक वाहतुकीतील हलगर्जीमुळे बाद, एक मर्यादेखाली, एक मर्यादेवर. पत्नीच्या तपासण्या सामान्य. उपलब्ध आकडेवारीवरून सदर इसमाच्या प्रजननक्षमतेबाबत निश्चित मत देता येत नाही. पुनर्तपासणी सुचवण्यात येत आहे. तोपर्यंत प्रकरण प्रलंबित.

वैशाखात रागिणीच्या भावाचं लग्न झालं. शिवशंकर तिला आणायला गेला.